‘त्रास दिला’ एवढ्यावर घटस्फोट मिळत नाही: क्रूरता कोर्टात कशी सिद्ध होते?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटिंड्याच्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात निकाल दिला. पतीने पत्नीचं फोनवरचं बोलणं तिच्या नकळत रेकॉर्ड केलं होतं आणि तिच्या क्रूर वागणुकीचा पुरावा म्हणून ते कौटुंबिक न्यायालयात दिलं होतं. हा तिच्या खासगीपणाचा भंग आहे, असं म्हणून पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ते नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. नवरा-बायकोच एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे असतील, तर असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून पाहता येईल, असं ठरलं. तेव्हापासून अनेकांची समजूत झाली आहे, की फोनमध्ये चार भांडणं साठवली की घटस्फोट मिळालाच.

ही समजूत लोकांना महागात पडते. कोर्टाने रेकॉर्डिंग ऐकून घेणं वेगळं आणि ते ऐकून क्रूरता सिद्ध झाली असं म्हणणं वेगळं. मधला रस्ता लांब आहे आणि त्यावर खरोखर छळ सोसलेली माणसंही अडखळतात. छळ झालेला असतो, पण तो कोर्टाला दिसेल अशा रीतीने मांडलेला नसतो.

कायदा क्रूरता कशाला म्हणतो?

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. त्यातल्या कलम १३(१)(आय-ए) नुसार, लग्नानंतर जोडीदाराने क्रूरतेची वागणूक दिली असेल तर घटस्फोट मागता येतो. पती मागू शकतो, तसाच पत्नीही. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांसाठी हेच कारण त्या कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. मुस्लिम पत्नीसाठी १९३९ च्या कायद्यात आणि ख्रिस्ती व पारशी जोडप्यांसाठी त्यांच्या त्यांच्या कायद्यांतही क्रूरता हे कारण आहेच.

१९५५ च्या मूळ कायद्यात क्रूरतेवर फक्त न्यायिक विभक्तता मिळायची, म्हणजे लग्न कायम पण एकत्र राहण्याची सक्ती नाही. तेव्हा ‘यापुढे एकत्र राहणं धोक्याचं आहे’ अशी रास्त भीतीही दाखवावी लागे. १९७६ च्या दुरुस्तीने क्रूरता हे थेट घटस्फोटाचं कारण झालं आणि ती भीतीची अटही गेली.

क्रूरता म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्याने केलेली नाही. ते मुद्दामच मोकळं ठेवलं आहे. प्रत्येक संसार वेगळा आणि माणसं माणसांना दुखावण्याच्या नव्या तऱ्हा शोधत राहतात. त्यामुळे ठोकताळे न्यायालयांच्या निकालांतून तयार झाले आहेत.

मारहाण नसेल तर?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. उत्तर असं, की मारहाण नसली तरी चालतं. मानसिक क्रूरता ही पूर्ण क्रूरताच आहे.

१९९४ च्या भगत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती समजावून सांगितली. ज्या वागणुकीमुळे इतका मानसिक त्रास होतो की त्या जोडीदाराबरोबर राहण्याची अपेक्षा करणंच गैर ठरेल, ती मानसिक क्रूरता. २००७ च्या समर घोष प्रकरणात न्यायालयाने उदाहरणांची यादीच दिली. कोणतंही शारीरिक किंवा योग्य कारण नसताना दीर्घकाळ शरीरसंबंध नाकारणं, जोडीदाराला न सांगता नसबंदी करून घेणं, मूल नकोच असं एकट्याने ठरवणं, सततची तुच्छता आणि अपमान, अशी ती यादी आहे. ती पूर्ण नाही, हेही न्यायालयाने तिथेच सांगून ठेवलं.

त्याच निकालात दुसरी बाजूही आहे. नुसता कोरडेपणा, प्रेम आटणं, मत्सर, चिडचिड, रोजचे किरकोळ वाद हे क्रूरतेत मोडत नाही. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागणारच, हे न्यायालयही धरून चालतं. एखादाच प्रसंग अतिशय गंभीर असेल तर तो पुरतो, पण बहुतेक प्रकरणांत न्यायालय वर्षानुवर्षांचं वागणं एकत्र बघतं.

मानसिक छळ भिंतीत मुरणाऱ्या ओलीसारखा असतो. कोणत्या थेंबाने भिंत पोखरली ते दाखवता येत नाही. पण डाग पहिल्या वर्षी एवढा होता, तिसऱ्या वर्षी एवढा झाला, पाचव्या वर्षी पोपडे पडले, हे दाखवता येतं. कोर्टात दाखवायचं असतं ते हेच, वाढत गेलेलं वागणं.

इथे हेतूचा प्रश्न येतो. ‘त्रास द्यायचा माझा हेतूच नव्हता’ हा बचाव पुरेसा नाही. १९८८ च्या शोभा राणी प्रकरणात पत्नीने हुंड्याच्या मागणीची तक्रार केली होती. खालच्या न्यायालयांना ती जास्तच हळवी वाटली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र पतीचंच पत्र पुढे ठेवलं. आपल्या आईवडिलांनी काही हजार रुपये मागितले तर त्यात गैर काय, असं त्याने त्यात लिहिलं होतं. हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, असं सांगून न्यायालयाने तिला घटस्फोट दिला. भांडण चिघळलं असताना समोरच्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं कधीकधी दहा साक्षीदारांना भारी पडतं, हे यातून लक्षात घ्यावं.

किती पुरावा लागतो?

याचं उत्तर पुण्यातून सुरू झालेल्या एका प्रकरणाने दिलं. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा १९७५ चा निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी लिहिलेला आहे आणि आजही घटस्फोटाच्या जवळपास प्रत्येक युक्तिवादात तो येतो. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयाच्या पलीकडे सिद्ध व्हावा लागतो. घटस्फोटाचा दावा दिवाणी स्वरूपाचा आहे, म्हणून इथे तेवढी कडक कसोटी नाही. दोन्ही बाजू ऐकून ‘हे घडलं असण्याचीच शक्यता जास्त आहे’ असं न्यायाधीशांना वाटलं, की पुरे.

याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली. समोर आदर्श पती आणि आदर्श पत्नी नाहीत, हे जोडपं आहे. यांचं शिक्षण, संस्कार, तब्येत, परिस्थिती बघून या माणसाच्या बाबतीत हे वागणं क्रूर होतं का, ते ठरवायचं. एका घरात जे बोलणं रोजचं असतं, तेच दुसऱ्या घरात माणसाला उद्ध्वस्त करू शकतं. तुमच्या बाबतीत ते तसं का होतं, हे सांगण्याची जबाबदारी तुमची.

अर्जात नाही ते पुराव्यात नाही

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं आणि लोक या टप्प्याकडेच सगळ्यात कमी लक्ष देतात.

दावा सुरू होतो तो अर्जाने. समोरचा, म्हणजे जाबदार, आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देतो. मग न्यायाधीश मुद्दे काढतात: ‘जाबदाराने अर्जदारास क्रूरतेची वागणूक दिल्याचे अर्जदार सिद्ध करतात काय?’ यापुढचा सगळा पुरावा या मुद्द्याभोवती आणि अर्जात लिहिलेल्या हकिगतीभोवती फिरतो. अर्जात ज्या प्रसंगाचा उल्लेखच नाही, तो साक्ष देताना पहिल्यांदा सांगितला तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो: ‘हे तुम्ही अर्जात का लिहिलं नाही? आता वकिलांनी शिकवलं म्हणून सांगताय ना?’

असंख्य अर्जांत एक ठरावीक वाक्य असतं: ‘जाबदार हा लग्नापासूनच अर्जदारास शारीरिक व मानसिक त्रास देत असे.’ या वाक्यातून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘२०२१ च्या गणपतीत, घरी पाहुणे असताना, जाबदाराने अर्जदाराच्या वडिलांना फोन लावून स्पीकर चालू केला आणि तुमच्या मुलीला घेऊन जा असं सर्वांसमोर सांगितलं. अर्जदार त्याच रात्री मुलासह माहेरी गेली.’ यात काळ आहे, जागा आहे, हजर असलेली माणसं आहेत, पुढे काय झालं तेही आहे. समोरच्याला याचं नेमकं उत्तर द्यावं लागतं. पाहुण्यांपैकी एखादा साक्षीला येऊ शकतो, फोनची नोंद मिळू शकते.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी आठवतील ते प्रसंग क्रमाने लिहून काढा. तारीख आठवत नसेल तर सण, मुलाची परीक्षा, कुणाचं लग्न, दवाखान्याची भेट यांच्या आधाराने काळ लावा. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहा. खोटी तारीख लिहिण्यापेक्षा ‘सुमारे’ शतपटीने बरं, कारण त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गावी होता हे समोरच्याने दाखवलं, तर उरलेल्या खऱ्या प्रसंगांवरचाही विश्वास उडतो.

चार भिंतींआड घडलं, साक्षीदार कुठून आणायचा?

साक्षीदार किती हवेत याचा आकडा कायद्यात नाही. एकट्या अर्जदाराची साक्षही पुरू शकते, ती विश्वासार्ह असेल तर. बंद दाराआडचा छळ शेजारी बघत नसतात, हे न्यायाधीशांनाही माहीत असतं.

तुमची सरतपासणी शपथपत्रावर होते, म्हणजे तुमची हकिगत लेखी दिली जाते. खरी परीक्षा नंतरच्या उलटतपासणीत. तिथे विचारलं जातं: ‘मारहाण झाली म्हणता, मग दुसऱ्या आठवड्यात महाबळेश्वरला हसत काढलेला हा फोटो तुमचाच ना?’ अशा वेळी घाबरून ‘फोटो माझा नाही’ म्हणणारी माणसं असतात आणि तिथेच सगळं बिघडतं. ‘हो, आमचाच आहे. मुलांना कबूल केलं होतं म्हणून गेलो’ हे खरं उत्तर कुणालाही पटतं. छळ सोसणारी माणसं फोटोत हसतात, हे सांगायला लाज वाटू देऊ नका.

आईवडील आणि भावंडं साक्ष देऊ शकतात. ते जवळचे आहेत एवढ्या कारणाने त्यांची साक्ष बाद होत नाही, कारण घरातल्या गोष्टी घरच्यांनाच माहीत असणार. अडचण वेगळी असते. आईने स्वतः काय पाहिलं आणि लेकीने तिला काय सांगितलं, यात फरक आहे. ‘मुलगी रात्री अकरा वाजता रडत घरी आली, गालावर वळ होता, हे मी पाहिलं’ ही भक्कम साक्ष. ‘तो तिला रोज मारायचा’ हे आईने पाहिलेलंच नसेल, तर ती साक्ष उलटतपासणीत टिकत नाही.

कागद, चॅट आणि रेकॉर्डिंग

त्या त्या वेळी तयार झालेला कागद फार मोलाचा असतो. दवाखान्याची नोंद, पोलीस ठाण्यातली अदखलपात्र तक्रार, पोलिसांच्या भरोसा सेलमधला (कौटुंबिक तक्रारींसाठीच्या कक्षातला) अर्ज, संरक्षण अधिकाऱ्याने केलेला घरगुती हिंसाचाराचा अहवाल, मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी, बहिणीला पाठवलेला मेसेज, यांपैकी काहीही. वाद कोर्टात जाण्याच्या कितीतरी आधी हे लिहिलं गेलं, म्हणूनच त्याला वजन येतं.

चॅटचे स्क्रीनशॉट छापून जोडले की झालं, असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. जुन्या कायद्यातही असं प्रमाणपत्र होतं आणि ते आवश्यकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक वादातल्या खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितलं होतं. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका. संभाषण पूर्ण ठेवा. स्वतःचे चार मेसेज पुसून उरलेले दिले आणि समोरच्याने आपल्या फोनमधून पूर्ण संवाद काढला, तर तुमचाच पुरावा तुमच्यावर उलटतो.

कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे ही न्यायालयं, वाद मिटवायला उपयोगी वाटेल तो पुरावा, एरवीच्या नियमांत बसत नसला तरी घेऊ शकतात. पण जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे प्रकरण दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतं आणि ही सवलत नसते. शिवाय कुठेही, पुरावा घेतला म्हणजे मान्य केला असं होत नाही. आवाज कुणाचा, मागचंपुढचं बोलणं कुठे गेलं, मुद्दाम डिवचून रेकॉर्ड केलं का, हे सगळं विचारलं जातंच. खासगी क्षणांचे, अंगावर कपडे नसतानाचे फोटो किंवा व्हिडिओ मात्र पुराव्याच्या नावाखाली कधीही काढू किंवा पसरवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा आहे.

भांडणाच्या भरात केलेले आरोप

जाबदाराने कैफियतीत काहीही लिहावं, ते फक्त बचावासाठी आहे, असा समज आहे. भगत प्रकरणात पत्नीने पती आणि त्याच्या घरचे वेडसर असल्याचं लिहिलं होतं. असे आरोप हीच मानसिक क्रूरता, असं न्यायालयाने ठरवलं. २००३ च्या भाटे प्रकरणात पतीने कैफियतीत पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आणि नंतर दुरुस्ती करून ते काढूनही टाकले. तरीही घाव बसला तो बसलाच, असं धरून पत्नीला घटस्फोट मिळाला. दोघांनीही, पुराव्याचा आधार नसलेला आरोप लिहिण्याआधी हे आठवावं. वकिलाने सुचवलं तरी नाही म्हणावं.

दूर राहत असतानाही क्रूरता घडू शकते. खोट्या तक्रारी, नोकरीच्या ठिकाणी बदनामीची पत्रं यांसाठी एका छपराखाली राहणं आवश्यक नाही, हे २०१३ च्या एका निकालाने स्पष्ट केलं आहे.

फौजदारी केस सुटली, मग?

पत्नीच्या छळाचा फौजदारी गुन्हा म्हणजे जुनं कलम ४९८अ, आता भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६. त्यातली क्रूरतेची व्याख्या अरुंद आहे आणि पुराव्याची कसोटी कडक. त्यामुळे पती निर्दोष सुटला म्हणून घटस्फोटाच्या दाव्यात ‘छळ झालाच नाही’ असं आपोआप सिद्ध होत नाही. उलट बाजूनेही तेच. जाणूनबुजून खोटी फौजदारी तक्रार करणं ही क्रूरता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. पण निर्दोष सुटका म्हणजे तक्रार खोटीच होती, असं नाही. संशयाचा फायदा मिळून सुटला, की तक्रार बनावट असल्याचं त्या निकालात लिहिलं आहे, हे पाहावं लागतं.

मध्ये समेट करून पुन्हा नांदलो होतो

दास्ताने प्रकरणात पत्नीचं वागणं क्रूर होतं हे न्यायालयाने मान्य केलं आणि तरीही पती हरला. त्या वागण्यानंतरही तो तिच्याबरोबर संसार करत राहिला, म्हणजे त्याने ते माफ केलं, असं ठरलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ नुसार अशी माफी झालेली नाही, याची खात्री न्यायालयाने स्वतःच करायची असते.

पण ही माफी सशर्त असते. पुन्हा तसंच वागणं सुरू झालं, की जुने प्रसंगही जिवंत होतात. म्हणून समेटानंतर काय घडलं ते अर्जात आलंच पाहिजे. दुसरं असं, की जायला जागा नाही, हातात पैसा नाही, मुलं लहान आहेत म्हणून त्या घरात राहावं लागणं म्हणजे माफी नव्हे. पण का राहावं लागलं, ते तुम्ही सांगितल्याशिवाय कोर्टाला कळणार नाही.

समोरचा आलाच नाही तर?

दावा त्याच्याशिवाय, एकतर्फी चालवण्याचा आदेश होतो, पण घटस्फोट आपोआप मिळत नाही. कलम २३ मुळे न्यायाधीशांना तेव्हाही कारण सिद्ध झाल्याची खात्री करावीच लागते. अर्ज मोघम असेल तर एकतर्फी दावाही फेटाळला जातो.

संसार संपलाच आहे, एवढं पुरेसं नाही का?

माणुसकीच्या नजरेने हा प्रश्न रास्त आहे. ‘लग्न सावरण्यापलीकडे मोडलं’ हे स्वतंत्र कारण असावं, अशी शिफारस विधी आयोगाने १९७८ मध्येच केली होती. ती अजून कायद्यात आलेली नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालच्या आपल्या विशेष अधिकारात असा घटस्फोट देऊ शकतं, हे मे २०२३ मध्ये घटनापीठाने सांगितलं. कौटुंबिक किंवा उच्च न्यायालयाला तो अधिकार नाही. मात्र अनेक वर्षं वेगळं राहणं आणि सततच्या केसेस हेच आता दोघांसाठी क्रूर झालं आहे, असा विचार न्यायालयं करू लागली आहेत.

दोघंही तयार असतील तर परस्पर संमतीचा मार्ग कोणत्याही टप्प्यावर खुला असतो, सुरू असलेला क्रूरतेचा दावाही त्यात बदलता येतो. कुणालाच क्रूरता सिद्ध करावी लागत नाही. आणि घरात मारहाण सुरू असेल तर पुरावा गोळा करत थांबू नका. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करा. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

क्रूरता सिद्ध झाली तरी परिस्थिती पाहून न्यायाधीश कलम १३अ खाली घटस्फोटाऐवजी न्यायिक विभक्तता देऊ शकतात. त्यानंतर एक वर्ष किंवा अधिक काळ दोघं पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर दोघांपैकी कुणीही त्या आधारावर घटस्फोट मागू शकतं. तेव्हा क्रूरता पुन्हा सिद्ध करावी लागत नाही.